ग्रीन टीच्या खरेदीतील गुणवत्ता व किंमत यांचा समतोल : शहापूर–मुरबाड परिसरातील ग्राहकाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
गेल्या दोन दशकांत ग्रीन टी हे पेय महानगरांतून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचले आहे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड हे तालुकेही त्यास अपवाद नाहीत. या वस्तूची गुणवत्ता पाकिटावरून सहज कळत नाही आणि तिच्या किमतींत मोठी तफावत आढळते. त्यामुळे महाग ते चांगले किंवा स्वस्त ते फायद्याचे हे दोन्ही ठोकताळे ग्राहकाची दिशाभूल करतात. प्रस्तुत लेखात गुणवत्तेचे घटक, किमतीचे घटक व या दोहोंचा मेळ घालण्याची व्यवहार्य रीत यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ग्रीन टी, कॅटेचिन, एकक किंमत, माहितीची विषमता, ग्राहकहित, तानसा परिसर.

१. प्रस्तावना

तानसा, भातसा आणि वैतरणा या नद्यांच्या खोऱ्यांतील शहापूर तालुका मुंबईची तहान भागवणारा प्रदेश म्हणून ओळखला जातो. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. मुंबईहून या भागाकडे येणारा प्रवाह मात्र मुख्यतः वस्तूंचा व सवयींचा आहे. मध्य रेल्वेच्या आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून रोज नोकरीनिमित्त ये-जा करणारा वर्ग, मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि तालुक्याच्या ठिकाणची महाविद्यालये यांच्यामार्फत शहरी आहाराच्या कल्पना येथे रुजतात. ग्रीन टी ही त्यांपैकी एक होय.

या परिसराची मूळ चहासंस्कृती निराळी आहे. महाराष्ट्रात चहाची व्यापारी लागवड नाही. येथे पोहोचतो तो प्रामुख्याने आसामचा सीटीसी पद्धतीचा दाणेदार काळा चहा. पाने चिरडणे, फाडणे व वळणे या तीन क्रिया एकत्र करणारे हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात विकसित झाले. कमी भुकटीत गडद रंग व कडक चव देणारा हा चहा दूध-साखरेच्या पेयास अनुकूल ठरला आणि सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. दूध नसेल तेव्हा कोरा चहा आणि परसातल्या पातीचा गवती चहा ही ग्रामीण व आदिवासी पाड्यांवरील नित्याची पेये आहेत.

अशा ठिकाणी जेव्हा दुकानात आरोग्यदायी म्हणून ग्रीन टीचे खोके ठेवले जाते आणि त्याचा प्रतिकिलो भाव नेहमीच्या चहाच्या कितीतरी पट पडतो, तेव्हा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने आरोग्याच्या आशेने खर्च केलेला पैसा खरोखर कशासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्यामागे असतो.

२. ‘हिरवा चहा’ म्हणजे नेमके काय ?

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. मराठी बोलीत हिरवा चहा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर गवती चहा येतो. गवती चहा ही गवताच्या कुळातील सुगंधी वनस्पती असून तिचा वास सिट्रल या द्रव्यामुळे येतो. तिच्यात चहातील कॅफीन नसते व चहाचे वैशिष्ट्य असलेली कॅटेचिनेही नसतात. ग्रीन टी मात्र कॅमेलिया सायनेन्सिस या चहाच्याच झाडाच्या पानांपासून तयार होतो.

काळा चहा आणि ग्रीन टी यांतील भेद झाडाचा नसून प्रक्रियेचा आहे. पान खुडल्यानंतर चिरडले गेले की त्यातील विकरांमुळे पॉलिफिनॉल द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते, पान तांबूस होते आणि काळ्या चहाचा रंग व स्वाद निर्माण होतो. ग्रीन टी करताना खुडलेल्या पानांना लवकरच उष्णता देऊन ही विकरे निष्क्रिय केली जातात. जपानमध्ये यासाठी प्रामुख्याने वाफ वापरतात, तर चीनमध्ये पाने तापलेल्या कढईत परततात. त्यानंतर पाने वळून वाळवली जातात. यामुळे कॅटेचिने मोठ्या प्रमाणात टिकून राहतात.

तुळस, गुळवेल, आले, गवती चहा इत्यादींच्या मिश्रणांसही बाजारात सर्रास ‘टी’ म्हटले जात असे. चहाच्या झाडापासून न बनलेल्या पेयांसाठी ‘चहा’ हा शब्द वापरणे दिशाभूल करणारे ठरते, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. घरगुती बोलीतील ‘गवती चहा’ या शब्दाला त्यामुळे बाध येत नाही. पाकिटावर मात्र घटकांची यादी वाचूनच आत काय आहे हे ठरवावे लागते.

३. गुणवत्तेचे घटक

ग्रीन टीच्या गुणवत्तेचे चार मुख्य घटक सांगता येतील.

(अ) पानाची कोवळीक : उत्तम चहासाठी दोन पाने व एक कळी खुडण्याची रीत आहे. पान जून होत जाते तसा त्यातील तंतूंचा भाग वाढतो व स्वाद उणावतो. म्हणूनच ग्रीन टीसाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ११२८७ या आंतरराष्ट्रीय मानकात कच्च्या तंतूंची कमाल मर्यादा १६.५ टक्के ठेवण्यात आली. पाण्यात उतरणारा अर्क किमान ३२ टक्के, एकूण पॉलिफिनॉल किमान ११ टक्के आणि कॅटेचिने किमान ७ टक्के असावीत, असेही त्यात नमूद आहे. ही किमान पातळी आहे. ती पार केलेला चहा शुद्ध ठरतो, उत्कृष्ट ठरेलच असे नाही.

(आ) पानाचा आकार : अख्खे पान, तुटके पान, बारीक चुरा आणि भुकटी अशी साधारण प्रतवारी असते. चुरा व भुकटी यांतून रंग व कडवटपणा झटपट उतरतो, परंतु पृष्ठभाग जास्त असल्याने सुगंध लवकर उडतो. पिशव्यांमध्ये बहुधा हाच बारीक माल असतो. अख्खे पान सावकाश उतरते व त्यातून दुसऱ्यांदाही पेय काढता येते.

(इ) ताजेपणा : ग्रीन टी हवेतील ओलावा व वास चटकन शोषतो. प्रकाश, उष्णता व प्राणवायू यांमुळे कॅटेचिने घटतात. बंद डब्यातही काही महिन्यांत ही घट लक्षणीय होते, असे साठवणुकीच्या अभ्यासांत आढळले आहे. शहापूर–मुरबाड परिसरातील पावसाळ्याचे चार महिने या दृष्टीने विशेष प्रतिकूल होत. मसाल्याच्या किंवा साबणाच्या शेजारी ठेवलेला सुटा चहा तो वास धरतो.

(ई) शुद्धता : चहात कृत्रिम रंग, वापरलेली पाने व लोखंडाचे कण असू नयेत. ओल्या टीपकागदावर पाने काही वेळ ठेवून रंगाचे डाग पडतात का हे पाहणे आणि पानांवरून चुंबक फिरवणे या दोन साध्या चाचण्या घरी करता येतात. कीटकनाशकांचे अवशेष मात्र घरी तपासता येत नाहीत. त्यासाठी नियामक यंत्रणेवर व प्रमाणचिन्हांवरच विसंबावे लागते.

४. गुणवत्ता ग्राहकास का दिसत नाही ?

अर्थशास्त्रात वस्तूंच्या गुणांचे तीन प्रकार मानतात. खरेदीपूर्वी पाहून कळणारे ते शोधगुण, वापरल्यावर कळणारे ते अनुभवगुण आणि वापरूनही सामान्य ग्राहकास न कळणारे ते विश्वासगुण. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये पहिल्या दोहोंतील भेद मांडला, तर डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसऱ्याची भर घातली.

ग्रीन टीमध्ये हे तिन्ही गुण एकत्र येतात. पानाचा आकार व तारीख हे शोधगुण, चव व सुगंध हे अनुभवगुण, तर कॅटेचिनांचे प्रमाण, सेंद्रियता व आरोग्यलाभ हे विश्वासगुण होत. नेहमीच्या चहाचा ग्राहक अनुभवगुणांच्या बळावर वर्षानुवर्षे एकच भुकटी निवडतो, कारण ती कशी लागावी हे त्याला ठाऊक असते. ग्रीन टीच्या नव्या ग्राहकाजवळ अशी चवीची कसोटी नसते. कडवट लागले तर ‘औषध कडूच असते’ अशी तो मनाची समजूत घालतो. परिणामी निकृष्ट मालाची परीक्षाच होत नाही.

विक्रेत्यास माहीत असलेले ग्राहकास माहीत नसते तेव्हा निकृष्ट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. अशा बाजारात ग्राहक किमतीलाच गुणवत्तेची खूण समजू लागतो. ही खूण कितपत विश्वासार्ह आहे, हे किमतीचे घटक पाहिल्यावर ध्यानी येते.

५. किंमत कशाची ?

एक किलो तयार चहासाठी साधारण चार ते पाच किलो ओली पाने लागतात. कोवळी पाने हाताने खुडावी लागत असल्याने मजुरी हा मळ्याच्या खर्चाचा मोठा भाग असतो. इथपर्यंत वाढलेली किंमत ही गुणवत्तेची किंमत होय. प्रदेशाच्या नावालाही मोल असते. दार्जिलिंग चहास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. हिमाचल प्रदेशातील कांगडा चहासही २००५ मध्ये ते मिळाले. कांगड्याची ग्रीन टीची परंपरा जुनी आहे. परदेशी मालावर आयातशुल्क व वाहतूक यांचा बोजा पडतो, त्यामुळे जपानी वा चिनी चहा महाग असणे हे त्याच्या श्रेष्ठत्वाचे प्रमाण ठरत नाही.

यापुढील खर्च पानावर नसून पानाभोवतीच्या गोष्टींवर असतो. पिशवी, दोरा, वेष्टन, पुठ्ठ्याचे खोके, जाहिरात, वितरकाचे व दुकानदाराचे कमिशन यांचा त्यात समावेश होतो. वस्तू व सेवा कर चहाच्या सर्व प्रकारांवर ५ टक्केच असल्याने किमतींतील तफावतीचे कारण करात सापडत नाही. लिंबू, मध, पुदिना अशा स्वादांच्या प्रकारांत कधी कधी दुय्यम पानाचा दोष बाहेरील सुगंधाने झाकला जातो आणि तरीही किंमत अधिक असते.

येथे स्थानिक उदाहरण उद्बोधक आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री वनधन योजनेअंतर्गत शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना पुरवण्याचे काम उभे केले व त्याची दखल राष्ट्रीय पातळीवर घेतली गेली. अशा वनोपजाचे मोल गोळा करणाऱ्याच्या हाती किती पडते आणि खोक्यावर ‘गुळवेलयुक्त’ असे छापल्यावर ग्राहकाकडून किती घेतले जाते, यांतील अंतर पाहिले की किंमत व मूल्य यांतील भेद स्पष्ट होतो.

६. प्रतिग्रॅम ते प्रतिकप : हिशेबाची रीत

किमतींची तुलना पाकिटावरून न करता समान एककावर करणे ही समतोलाची पहिली पायरी होय. वेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाकिटावर एकक विक्री किंमत छापण्याची तरतूद केली. एक किलोहून कमी वजनाच्या मालासाठी ती प्रतिग्रॅम असते. बारीक अक्षरांतील ही एक ओळ वाचणे पुष्कळदा पुरेसे ठरते.

तथापि पेय ग्रॅमात प्यायले जात नाही, कपात प्यायले जाते. म्हणून हिशेब एक पाऊल पुढे न्यावा लागतो. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

समजा, २५ पिशव्यांचे खोके १६० रुपयांस मिळते व प्रत्येक पिशवीत १.३ ग्रॅम चहा आहे. एकूण चहा ३२.५ ग्रॅम. म्हणजे प्रतिग्रॅम सुमारे ४ रुपये ९२ पैसे आणि प्रतिकप ६ रुपये ४० पैसे. दुसरीकडे १०० ग्रॅम अख्ख्या पानांचा चहा २५० रुपयांस आहे. प्रतिग्रॅम अडीच रुपये, कपास दोन ग्रॅम धरता पाच रुपये. तीच पाने दुसऱ्यांदा वापरली तर प्रतिकप अडीच रुपये. खोके १६० रुपयांचे म्हणून स्वस्त वाटते, प्रत्यक्षात ते दुप्पटीहून महाग पडते.

आता तिसरा पर्याय. २५० ग्रॅमचे पाकीट ४०० रुपयांस मिळते. प्रतिग्रॅम १ रुपया ६० पैसे व दोन ग्रॅमच्या कपास ३ रुपये २० पैसे. एकवार उतरवलेल्या कपाचा विचार केल्यास हा सर्वांत स्वस्त माल. परंतु त्यात १२५ कप होतात. घरात रोज एकच कप घेतला जात असेल तर ते चार महिने पुरेल. जूनमध्ये उघडलेले पाकीट पावसाळाभर ओलावा घेत राहील. त्यातील निम्मा माल बेचव होऊन टाकावा लागला तर पिण्याजोगा कप ६ रुपये ४० पैशांस पडतो, म्हणजे पिशवीच्या कपाइतकाच. यावरून असे दिसते की खरी तुलना प्रति-पिण्याजोग्या-कपाची आहे आणि तीत कुटुंबाचा खप हा निर्णायक घटक आहे. कमी खपाच्या घराने, विशेषतः पावसाळ्यात, ५० ते १०० ग्रॅमहून मोठे पाकीट न घेणे हितावह होय. महाविद्यालयाच्या शिक्षककक्षासारख्या ठिकाणी, जेथे खप रोजचा व सामूहिक असतो, तेथे मोठे पाकीट खरोखरच स्वस्त पडते.

पिशवीचा एक लाभ मान्य करावा लागेल : माप नेमके राहते व गाळण्याचा खटाटोप वाचतो. मात्र काही पिशव्या नायलॉन वा तत्सम प्लास्टिकच्या असतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात अशी एक पिशवी गरम पाण्यात अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिककण सोडते असे आढळले. पिशवीच घ्यायची तर कागदाची घ्यावी.

७. पाणी व कृती : विकत घेतलेली गुणवत्ता टिकवणे

चांगला माल चुकीच्या कृतीने वाया जातो. आपल्याकडे चहा पातेल्यात उकळण्याची रीत आहे. ग्रीन टी उकळला की कडवट व तुरट होतो. पाणी उकळल्यावर खाली उतरवून काही मिनिटे निवू द्यावे. ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास पाने घालून दोन-तीन मिनिटांत गाळावे. ज्या घरात चहा उकळलाच जाणार आहे त्याने महाग पान विकत घेण्यात अर्थ नाही.

पाण्याचाही प्रभाव मोठा आहे. या परिसराचा पाया बेसाल्ट खडकाचा असल्याने अनेक कूपनलिकांचे पाणी दुष्फेन असते. अशा पाण्यात चहावर तवंग येतो, रंग मंद होतो व सुगंध दबतो. तलावाचे वा पावसाचे पाणी तुलनेने मृदू असते. उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते तेथे पाण्याची निवड करणे शक्य नसते. अशा वेळी मध्यम प्रतीचा चहाच व्यवहार्य ठरतो, कारण उंची चहाचा सूक्ष्म स्वाद त्या पाण्यात प्रकटच होत नाही.

८. आरोग्याच्या दाव्यांचे मोल

ग्रीन टीची जादा किंमत बव्हंशी आरोग्याच्या नावाने दिली जाते. म्हणून या दाव्यांचे वजन तपासणे अगत्याचे आहे. वजन कमी करण्यासंबंधीच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला. ग्रीन टीच्या सिद्धींमुळे होणारी घट अल्प असून वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे मत दिले की, पेय म्हणून घेतलेल्या ग्रीन टीतील कॅटेचिने सामान्यतः सुरक्षित आहेत. परंतु पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतावर ताण आल्याची चिन्हे दिसतात. अधिक कॅटेचिन म्हणजे अधिक लाभ, हे समीकरण यावरून टिकत नाही.

साखरेचा हिशेब याहून सोपा आहे. दिवसाला तीन कप चहा व कपास १० ग्रॅम साखर धरली तर रोज ३० ग्रॅम व महिन्यास ९०० ग्रॅम साखर पोटात जाते. ती सोडल्याने रोज सुमारे १२० कॅलरी कमी होतात. हा लाभ ग्रीन टीचा नसून साखर सोडल्याचा आहे. बिनसाखरेचा कोरा चहा वा गवती चहा तो जवळजवळ फुकट देतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. चहातील पॉलिफिनॉल वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण रोखतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. नाचणी, भात, डाळ व रानभाज्या यांवर भिस्त असलेल्या आहारात लोह मुख्यतः वनस्पतिजन्यच असते. जेवणाबरोबर घेतलेला चहा, मग तो काळा असो वा हिरवा, या लोहावर पाणी फिरवतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे. ‘जेवणानंतर ग्रीन टी प्यावा’ असा सल्ला वसतिगृहातील विद्यार्थिनींना देण्यापूर्वी प्राध्यापकवर्गाने हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

९. समतोलाची सूत्रे

वरील विवेचनावरून खरेदीची पुढील सूत्रे मांडता येतात :

१) हेतू प्रथम ठरवावा. साखर-दूध कमी करणे एवढाच हेतू असेल तर ग्रीन टी अनिवार्य नाही. चवीसाठी घ्यायचा असेल तरच पानाच्या प्रतीवर खर्च करावा.
२) घटकांच्या यादीत केवळ ग्रीन टी असलेला, स्वाद न मिसळलेला चहा पसंत करावा. पुदिना, आले, लिंबू घरी घालता येते.
३) एकक किंमत, वेष्टनाची तारीख व अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा. तारखेत ताजा असलेला मध्यम प्रतीचा माल जुन्या उंची मालापेक्षा सरस ठरतो.
४) पहिल्यांदा लहान पाकीट घ्यावे. चहा गाळल्यावर चोथा उलगडून पाहावा. त्यात ओळखू येणारी कोवळी पाने दिसली तर माल चांगला. देठ व चुराच असेल तर जादा किंमत व्यर्थ. पेयाचा रंग फिकट हिरवट-पिवळा असावा. तपकिरी रंग जुनाट माल वा सदोष प्रक्रिया दर्शवतो.
५) सेंद्रिय म्हणून अधिक किंमत द्यायची असेल तर ‘जैविक भारत’ वा ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह असल्याची खात्री करावी.
६) उघडलेला चहा घट्ट झाकणाच्या, अपारदर्शक व कोरड्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावा.

१०. निष्कर्ष

ग्रीन टीच्या बाबतीत किंमत ही गुणवत्तेची अपुरी खूण आहे. अगदी स्वस्त मालात चुरा व जुनाट पान मिळण्याची शक्यता अधिक असते. तथापि एका मर्यादेनंतर वाढलेली किंमत पानासाठी नसून वेष्टन, नाव व दाव्यासाठी असते. सर्वसामान्य ग्राहकासाठी समतोलाचा बिंदू बहुधा मधल्या पट्ट्यातील, ताज्या, सुट्या पानांच्या लहान पाकिटात सापडतो.

हा विषय अध्यापनाच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. पाण्यात उतरणारा अर्क व एकूण राख यांचे मापन रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकक किमतींची तुलना वाणिज्य विभागात आणि स्थानिक पेयांची नोंद समाजशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांत करता येईल. आपल्याच तालुक्याच्या बाजारातील पाकिटे तपासून विद्यार्थ्यांनी मिळवलेले निष्कर्ष घराघरांत पोहोचतील, तेव्हा ग्राहक खोक्यावरील दाव्याऐवजी मालाचे मोल देऊ लागेल. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजून केला जातो तेथे परसातला गवती चहा निवडणे हाही तितकाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय. त्यातून वाचलेले पैसे शेंगदाणे, गूळ वा कडधान्ये यांवर खर्च झाले तर आरोग्याचा मूळ हेतू अधिक खात्रीने साध्य होईल.